आज हात लावायचा नाही

"चाचा, चौथा सेल बदलला. तरी मशीन मागे का पडतंय?"

गणीचाचांनी सायकल शाळेच्या भिंतीला टेकवली. गावातले सगळ्यात जुने दुरुस्तीवाले. माझा दादा त्यांच्याच हाताखाली शिकला.

दादा दोन महिन्यांपूर्वी गेला. मोटरसायकलच्या अपघातात.

शाळेची घंटा वाजवणारा कॉम्प्युटर त्यानेच बसवला होता. घंटा उशिरा व्हायला लागली. सोमवारपर्यंत सुधारलं नाही तर भंगारात, असं मुख्याध्यापिका खरातबाई म्हणाल्या.

"सेल बंद मशीनचं घड्याळ सांभाळतो," चाचा म्हणाले. "हे तर चालू असताना मागे पडतंय. म्हणजे घड्याळाचा ठोका तो मोजणाऱ्या प्रोसेसरपर्यंत पोचत नाही. कधी पोचत नाही?"

"काय माहीत! दिवसभर बरोबरच दिसतं."

"बरोबर?"

"मी वेळ लावतो ना. जरा मागे दिसलं की लगेच. दादाचं मशीन चुकतं, असं कोणी म्हणायला नको."

चाचा हसले. "वा रे शहाण्या! थर्मामीटर झटकून ठेवतोस आणि डॉक्टरला विचारतोस, ताप किती?"

आत येऊन त्यांनी कीबोर्ड उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला.

"आज हात लावायचा नाही. चुकू दे."

...

दर तासाला ते मनगटावरचं घड्याळ बघून फळ्यावर खडूने लिहीत. दहा, बरोबर. अकरा, बरोबर. बाराला मशीन नऊ मिनिटं मागे.

घंटा झाली नाही. पोरं ओरडायला लागली. मी ताडकन उठलो.

चाचांनी नुसतं पाहिलं. मी बसलो.

"अकरा ते बारा काय झालं?"

"बाईंनी दाखले छापले."

चाचांनी मशीन उघडून प्रिंटरचं कार्ड काढलं. "हे कामाला लागलं की प्रोसेसरला सोडतच नाही. तेवढे ठोके वाया."

पिशवीतलं दुसरं कार्ड बसवून त्यांनी वेळ लावली. बाईंनी पुन्हा चाळीस दाखले छापले. दोनची घंटा दोनला झाली.

"राहू दे मशीन," बाई म्हणाल्या.

मी तोंड फिरवलं.

"आई विचारते का रे, कसा आहेस?" चाचा म्हणाले.

"रोज."

"काय सांगतोस?"

"...बरा आहे."

चाचांनी सायकल काढली.

"मग तिला कळावं कसं, किती मागे पडलायस ते?"