गुलबक्षी गाठ

एका राज्यात मोठा अजब रिवाज होता. उष्टावणाच्या दिवशी बाळापुढे रंगीत वस्त्रं मांडायची; हात ज्यावर पडेल तो रंग त्याचा जन्माचा. राजमांत्रिक भैरंभट त्या वस्त्राला निरगाठ मारी आणि आवड कायमची ठरे. राजे धुरंधरसेनांच्या डोक्यावर म्हणूनच सदा पिवळा फेटा असे, आणि राजकन्या कुवलयेच्या वाट्याला आला होता गुलबक्षी.

कुवलयेचा राज्याभिषेक जवळ आला तेव्हा तिनं शेवाळी शालू मागितला. दरबारात कुजबुज झाली. कुवलया तडकली आणि सर्वांदेखत म्हणाली, "गुलबक्षी मला कधी आवडलाच नव्हता!"

शब्द सुटले मात्र, तिच्या डोळ्यांपुढचं सगळं जग राखेच्या रंगाचं झालं.

"पौर्णिमेपर्यंत उतारा मिळाला नाही, तर दृष्टी अशीच राहील," भैरंभट म्हणाला. उतारा त्याला ठाऊक नव्हता. गाठी मारणाऱ्याला सोडवणं कुठं येतं!

तेवढ्यात गवाक्षातली साळुंकी बोलली, "राजकन्ये, तीन कामं कर. लहानपणी थुंकलेला घास खा. ज्या वाद्याला कंटाळून पळालीस, ते शेवटपर्यंत ऐक. आणि गुलबक्षी तुझ्याकडे कुठून आला, ते शोध."

कुवलयेनं मुदपाकखान्यात कारल्याची भाजी खाल्ली आणि नकळत पुन्हा वाढून घेतली. मग ती रुद्रवीणा ऐकायला बसली. वीणा तीच, वाजवणारे बुवाही तेच. पण या खेपेला वीणा थांबली तरी ती जागची उठेना. आपण कधी बदललो, हे तिचं तिलाच कळलं नव्हतं.

पौर्णिमेच्या सांजेला ती आपल्याला लहानाचं मोठं केलेल्या दाईच्या झोपडीत पोहोचली.

"दाईआई, मी गुलबक्षीच का गं उचलला?"

"माझ्या लुगड्याचा रंग तो, बाय. तू खांद्यावर तोंड खुपसून निजायचीस. दुसरं काही दिसायचंच नाही तुला." म्हातारीनं पदर सारखा केला. "कधीच आवडला नव्हता म्हणालीस म्हणे दरबारात."

कुवलयेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खोटं बोलले, दाईआई. फार आवडत होता. आता शेवाळी आवडतो, एवढंच खरं."

तिकडे राजवाड्यात निरगाठ आपोआप सुटली. इकडे म्हातारीचा पदर गुलबक्षी झाला, मग भिंतीवरचं शेवाळ हिरवं झालं. त्या पदरात तोंड लपवून कुवलया पोटभर रडली आणि हसलीही.

वार्ता ऐकून राजांनी दबक्या आवाजात भैरंभटाला विचारलं, "आमचीही सुटेल काय? लहानपणी पिवळा जीव की प्राण होता हो. पण आता अगदी वीट आलाय." बोलता बोलता त्यांचीही गाठ सुटली, आणि राजांनी फेटा काढून मनसोक्त डोकं खाजवलं.

तेव्हापासून त्या राज्यात फक्त सुरगाठ मारतात.

राज्याभिषेकाला कुवलया शेवाळी शालू नेसून सिंहासनावर बसली. दाईनं तिला खालीवर न्याहाळलं आणि नाक मुरडलं. "हा रंग काही माझ्या मनात भरत नाही, बाय."

"राहू दे, दाईआई," नवी राणी म्हणाली, "घाई कुणाला आहे?"