चुकीलाही आमेन

कोकणच्या किनाऱ्यावर, नारळी-पोफळींत दडलेल्या एका गावात, एके काळी एक वृद्ध हझान राहत असत. हझान म्हणजे सिनेगॉगमध्ये, यहुद्यांच्या प्रार्थनागृहात, प्रार्थना चालवणारा आणि पवित्र ग्रंथ हिब्रूतून वाचून दाखवणारा. त्या गावात बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांची, घरं पूर्वी पुष्कळ होती. मग एकेक कुटुंब इस्राएलला गेलं, काही मुंबई-ठाण्याकडे सरकली, आणि मागे मोजकीच दारं उघडी राहिली. उरलेल्यांची बोली मराठी, जेवण कोकणी, प्रार्थना मात्र हिब्रू. ती सगळ्यांना तोंडपाठ होती. समजत बहुतेक कुणालाच नव्हती. अर्थासह वाचू शकणारे दोघंच: हझान, आणि त्यांच्या खालोखाल त्यांची शिष्या मिल्का.

मिल्काच्या बरोबरीच्या मुली लग्न होऊन परदेशी गेल्या. ही अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी मागे राहिली. लहानपणी हझानांच्या पडवीत बसून तिने अक्षरं गिरवली होती, आणि आता दर रविवारी सकाळी सिनेगॉगच्या बाजूच्या खोलीत ती मुलांना हिब्रू शिकवत असे. आपल्यानंतर हे कोण सांभाळणार, या धास्तीने ती फार काटेकोर झाली होती. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी तिची शिस्त. ती एक शब्द उच्चारी, मुलं मागोमाग म्हणत. कुणी चुकलं की ती तिथल्या तिथे थांबवी आणि पुन्हा म्हणून घेई. तरी मुलं कमी होत चालली. कुणाची शिकवणी निघे, कुणाचा क्रिकेटचा सामना. एका आईने तर स्पष्टच विचारलं, की शाळेची तीन भाषांची ओझी काय थोडी आहेत, म्हणून ही चौथी?  वर्ग सुटल्यावर मिल्का फळा पुसे, बाकं सरळ करी आणि कुणाशी न बोलता घरी जाई. घरी तरी कोणाशी बोलणार? आई बहुतेक वेळ झोपलेली असे.

शेवटी ती हझानांकडे गेली. त्यांना ती बाबा म्हणे. मुलांना या भाषेची गोडी कशी लावू, म्हणून विचारलं. हझानांनी उपदेश केला नाही. येत्या रविवारी वर्ग मी घेतो, तू मागे बैस, एवढंच म्हणाले.

रविवारी ते आले. फळ्यावर त्यांनी सुरेख अक्षरांत ‘बायित’ हा शब्द लिहिला. बायित म्हणजे घर. त्यातलं पहिलं अक्षर ‘बेत’. त्याच्यासारखंच दिसणारं दुसरं एक अक्षर आहे, ‘काफ’. फरक इतकाच, की बेतच्या तळाची रेघ मागच्या बाजूला टाचेसारखी जराशी बाहेर येते. लहान मुलं या दोहोंत हमखास गोंधळतात, म्हणून मिल्काने ती टाच त्यांच्याकडून घोटून घेतली होती. हझानांनी शब्दावर छडी ठेवली आणि गंभीरपणे वाचलं, “कायित.”

मुलांनी एका सुरात म्हटलं, “कायित.”

मिल्का दचकली. हझानांनी पुढचा शब्द लिहिला, तोही चुकीचा वाचला. मुलांनी तोही तसाच म्हटला. तिसरा, चौथा. सगळी मुलं माना हलवत चुकीमागून चूक म्हणत राहिली. फक्त सिपोरा नावाची एक आठ-नऊ वर्षांची मुलगी ओठ मिटून बसली होती. हझान तिच्यापाशी थांबले आणि तू का म्हणत नाहीस, असं त्यांनी विचारलं. सिपोराने मान खाली घातली. हझानांनी वाट पाहिली आणि वर्ग सोडला.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. फळ्यावर बायित, तोंडी कायित. या वेळी सिपोराने आधी मिल्काकडे पाहिलं, मग फळ्याकडे, आणि जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, “आजोबा, ते बेत आहे. त्याला टाच आहे.”

हझान फळ्याजवळ गेले, डोळे बारीक करून अक्षर न्याहाळलं, आणि कपाळाला हात लावून म्हणाले, “खरंच की. मग तू वाच बाई, मी मागून म्हणतो.”

ती वाचू लागली, आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस हात बांधून तिच्यामागे शब्द म्हणू लागला.

त्या दिवसानंतर वर्गाचा रंग पालटला. आजोबांची चूक कोण आधी धरतो, याची चढाओढ लागली. चूक धरायची तर आधी स्वतःला यायला हवं. म्हणून मुलं घरून वाचून येऊ लागली. जी येईनाशी झाली होती तीही परतली. खोलीत गलका होऊ लागला, एका शब्दावरून दोन मुलं हमरीतुमरीवर येऊ लागली. मिल्का मागच्या बाकावरून पाहत होती. तिला आनंद व्हायला हवा होता. पण मनात एक कीड शिरली होती. बाबा मुद्दाम चुकतात, की वयाने त्यांना गाठलं? विचारण्याचा धीर तिला होईना. शनिवारी सकाळी ती सज्जात, बायकांच्या जागेवर, ग्रंथ उघडून बसली आणि त्यांच्या वाचनावर अक्षरन् अक्षर बोट ठेवून ऐकत राहिली. हझानांचं वाचन निर्मळ होतं. कुठे काना-मात्रेचा फरक नव्हता.

पण मुलांच्या पोटात गोष्ट राहते थोडीच? आजोबांना साधं ‘घर’ वाचता येत नाही, हे घरोघर गेलं. सिपोराने मोठ्या अभिमानाने, आपण त्यांना कसं शिकवलं, ते सांगितलं. समाजाचे मुकादम, म्हणजे सिनेगॉगचा कारभार पाहणारे प्रमुख, काळजीत पडले. ते वाईट गृहस्थ नव्हते. सिनेगॉगचं छप्पर त्यांनीच पदरमोड करून शाकारलं होतं. नव्याचा सण, म्हणजे यहुद्यांचा वर्षारंभ, तोंडावर आला होता आणि त्या दिवशी वाचनात खोट राहायला नको, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. शनिवारी स्वतः कान देऊन ऐकूनही त्यांचा संशय फिटला नाही. कारण वाचन बरोबर होतं की चूक, हे कळण्याचा मार्गच त्यांच्याजवळ नव्हता, आणि मिल्काला विचारावं तर ती हझानांचीच शिष्या. अखेर त्यांनी मुंबईहून एक तरुण हझान बोलावला. वृद्ध हझानांना त्यांनी हे अतिशय अदबीने सांगितलं. आयुष्यभर जिथे उभं राहून वाचलं, ती जागा हझानांनी एका होकारात सोडून दिली. मुलांपुढे केलेल्या चुकांविषयी चकार शब्द काढला नाही.

मिल्काला हे कळलं तेव्हा ती तडक त्यांच्या घरी गेली. शुक्रवारची दुपार होती. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या पवित्र विसाव्याच्या, शरबतासाठी भिजत घातलेले काळे मनुके हझान पडवीत बसून हाताने कुस्करत होते. मिल्का उभ्याउभ्याच म्हणाली, की मी आत्ताच्या आत्ता मुकादमांकडे जाते आणि तुम्ही मुद्दाम चुकत होता हे सांगते.

“सांगू नकोस,” हझान म्हणाले. “पोरांच्या कानावर जाईल. आपण धरलेली चूक खोटी होती, असं त्यांना वाटेल.”

“पण बाबा, तुमचा मान गेला.”

हझानांनी तिला बसायला सांगितलं. थोडा वेळ ते मनुक्यांचा रस गाळत राहिले. मग म्हणाले:

“माझ्या बरोबरीचे जाणते होते तोवर मी वाचताना अडखळलो तर खालून चार आवाज उठत. तेव्हा राग येई मला. मग ते एकेक करून गेले, कुणी देशांतराला, कुणी देवाघरी. एका शब्बाथला माझी जीभ खरोखरच घसरली. मी थांबलो. कुणीतरी टोकेल म्हणून वाट पाहिली. सिनेगॉगमध्ये माणसं होती, पण सगळे म्हणाले, आमेन. त्या दिवशी घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. बरोबरलाही आमेन, चुकीलाही आमेन. ज्याची चूक कुणाला कळत नाही, मिल्का, तो भर सभेतही एकटाच असतो.” मग त्यांनी विचारलं, “तू त्या दिवशी सज्जात होतीस. तुला कळलं नव्हतं?”

 मिल्का म्हणाली, “कळलं होतं.”

“मग बोलली नाहीस?”

“तुम्हाला कसं टोकणार, बाबा?”

“तेच,” हझान शांतपणे म्हणाले. “तू मला मान दिलास आणि मी एकटा पडलो. तोच मान तू मुलांना शिकवत होतीस. मागून म्हणणारं मूल भाषेच्या दाराबाहेर उभं असतं. ‘नाही, हे असं नाही’ असं ज्या दिवशी ते म्हणतं, त्या दिवशी ते आत येतं. कारण परक्याच्या घरातली वस्तू सरळ ठेवायला कोणी उठत नाही.”

 हझानांनी गाळलेल्या रसाचं भांडं मिल्कापुढे सरकवलं आणि आईसाठी घेऊन जा, असं सांगितलं.

नव्याच्या सणाला सिनेगॉग बऱ्यापैकी भरलं होतं. मधल्या उंच चौथऱ्यावर मुंबईचा तरुण हझान उभा होता. आवाज गोड, शिक्षणही उत्तम. वृद्ध हझान शुभ्र प्रार्थनावस्त्र डोक्यावरून घेऊन शेवटच्या बाकावर बसले होते. शेजारची जागा रिकामी होती. त्यांच्याजवळ बसायला लोक संकोचत होते. मुलं पुढच्या बाकावर पुस्तकात बोटं घालून बसली होती.

त्या दिवशी हागार दासीचा अध्याय वाचतात. तिला लेकरासह घराबाहेर काढलं जातं, ती रानात भटकते आणि चामड्याच्या मसकीतलं पाणी संपतं. तरुण हझान तिथवर आला. पाणी म्हणजे ‘मायिम’ आणि दिवस म्हणजे ‘यामिम’. ग्रंथाच्या गुंडाळीवर स्वरचिन्हं नसतात, आणि अक्षरंही जवळपास तीच. त्याची जीभ घसरली, आणि पाणी संपलं याऐवजी दिवस संपले, असं तो वाचून गेला.

मोठी माणसं माना डोलावत राहिली. सज्जात मिल्काचं बोट शब्दावर थबकलं आणि तिने श्वास रोखला. तेवढ्यात पुढच्या बाकावरून सिपोराचा आवाज आला, “मायिम.” तिच्या पाठोपाठ दुसरं मूल म्हणालं, “मायिम.” मग सगळी.

मुकादम वळून रागाने पाहू लागले. तरुण हझान मात्र थांबला, गुंडाळीवर वाकला, त्याने मुलांकडे पाहून मान लववली आणि ओळ पुन्हा वाचली. मिल्काने मागच्या बाकाकडे पाहिलं. वृद्ध हझानांनी प्रार्थनावस्त्र चेहऱ्यावर ओढून घेतलं होतं, आणि त्याखाली त्यांचे खांदे हलत होते.

चौथऱ्यावर ते पुन्हा कधी चढले नाहीत. कुणी बोलावलंही नाही. पुढे सिपोराचं कुटुंबही इस्राएलला गेलं. मिल्का रविवारचा वर्ग घेत राहिली. तिच्या वर्गात आता बराच गलका असे, आणि कुणा मुलाने तिला मध्येच थांबवलं की ती खरोखर थांबत असे.

आपण शिकवलेलं रुजलं की नाही, हे मागून येणाऱ्या होकारांनी कळत नाही. एखादं लहान तोंड आपल्याला अडवतं, तेव्हा कळतं.