दिवाणजींचा पिवळा गाल

तानूबाई चितारीण रंग कधी विकत घेत नसे. ओढ्याकाठचा गेरू, दिव्याची काजळी आणि परसातली हळद, एवढ्यावर तिचं काम झक्क चाले. राजेसाहेबांनी तिला दरबारात लावायला दिवाणजींचं चित्र काढायला सांगितलं, तेव्हा कापडसुद्धा तिने महालातले टाकून दिलेले पडदे शिवूनच केलं.

दिवाणजींना विलायती रंग हवे होते. चित्र पाहताच त्यांचा पारा चढला. विड्याच्या पानाला चुना लावता लावता ते भर दरबारात कडाडले, "चिंध्यांवर हळद फासलीय नुसती! विलायती रंगांत जीव असतो, सरकार. हे तर मेलेलं चित्र आहे. या बाईला आधी राज्याबाहेर काढा!"

आणि तेच चुन्याचं बोट त्यांनी चित्रातल्या स्वतःच्या पिवळ्याधमक गालावर खसाखसा घासलं.

हळदीला चुना लागल्यावर जे व्हायचं तेच झालं. बघता बघता गाल लालभडक! राजेसाहेबांच्या कपाळावर आठी पडली.

"तानूबाई, हे काय?"

तानूबाईने पदर सावरला. "लाजले हो दिवाणजी! चार लोकांत एका बाईच्या मेहनतीची नासाडी केली, मग गाल लाल होणारच की." तिने एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा दिवाणजींच्या कोरड्या ठणठणीत चेहऱ्याकडे. "आता या दोघांत मेलेलं कोण, ते सरकारांनीच ठरवावं."

राजेसाहेब खो खो हसले. चित्र लाल गालासकट सिंहासनासमोर लागलं.

दिवाणजी मात्र तेव्हापासून विडा घरूनच खाऊन येऊ लागले.