पानमळ्यातून गेलेला रस्ता

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा राजालासुद्धा बैलगाडीतूनच बाजाराला जावं लागे आणि गाड्यांच्या गर्दीत तोही सगळ्यांसारखाच घाम पुसत बसे.

त्या राज्यात घाटापासून बाजारपेठेपर्यंत एकच वाट होती, तीही जेमतेम एका गाडीची. मिठाच्या, गुळाच्या, धान्याच्या गाड्या समोरासमोर आल्या की दिवसदिवस अडकून पडत. सगुणाबाईच्या पानमळ्यातली हिरवीगार पानं बाजारात पोचेपर्यंत सुकून जात.

शेवटी राजाने ठरवलं, वाट रुंद करायची आणि पुढे नदीपर्यंत न्यायची. दगड आणि मजुरी खजिन्यातून, बैलांचा चारा व्यापाऱ्यांकडून आणि जमिनीची पट्टी वाटेवरच्या गावकऱ्यांकडून. सगळ्यांनी मान डोलावली. प्रधानजींनी शेतांतून चुन्याची सरळ रेघ आखली आणि ते समाधानाने घरी गेले.

आता गंमत ऐका. रस्ता सगळ्यांना हवा होता, पण शेजाऱ्याच्या शेतातून. प्रधानजींची पाठ वळली, की कुणीतरी खराट्याने रेघ झाडून शेजाऱ्याच्या बांधापलीकडे नवी ओढी. शेजारी ती पुढे सरकवी. सगुणाबाईही काही मागे नव्हती. पोराबाळांसारख्या वाढवलेल्या वेली होत्या तिच्या, त्यांच्यावरून रस्ता कसा जाऊ द्यायचा? तिनेही रेघ मळ्याबाहेर काढून शेजारच्या धर्माण्णाच्या ज्वारीत घातली. सरकत सरकत ती रेघ गावाला वळसा घालून पुन्हा घाटाच्या पायथ्याशी येऊन मिळाली.

प्रधानजींनी कपाळाला हात लावला. राजा म्हणाला, "एवढंच जड जात असेल तर राहू दे रस्ता. पौर्णिमेपर्यंत रेघ सरळ झाली नाही, तर त्या पैशातून मी हत्तीखाना बांधतो."

त्याच आठवड्यात सगुणाबाईच्या सुनेला कळा लागल्या. मूल आडवं आलं होतं. मुलगा गाडी घेऊन पेठेतल्या सुईणीला आणायला गेला, तो परत येईना. सगुणाबाई वाटेवर धावली. पाहते तर सुईणीची गाडी लांब तिकडे अडकलेली आणि मध्ये गाड्यांची ही रांग. सगळ्यांत पुढे मिठाची गाडी होती. तिच्या एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला पाण्याने भरलेला चर.

सगुणाबाईने गाडीवानापुढे हात जोडले. "दादा, माझी सून जाते हो हातची. सुईण तिकडे अडकलीय."

गाडीवानाचं नाव हैबती. त्याने एकदा चराकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग बैल सोडले आणि खांदा लावून आपली भरली गाडी चरात लोटून दिली. मीठ पाण्यात विरघळू लागलं. ते पाहून मागच्यांनीही आपापल्या गाड्या चिखलात उतरवल्या. वाट मोकळी झाली, सुईण वेळेवर पोचली आणि संध्याकाळी घरात बाळाचं रडणं ऐकू आलं. तेव्हा कुठे सगुणाबाईच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी ती भाकरी घेऊन हैबतीकडे गेली. तो रिकामी पोती पिळत होता.

"दादा, तुमचं एवढं नुकसान मी कसं भरून देऊ?"

"बाळ-बाळंतीण बरी आहेत ना, आक्का? मग झालं तर. मीठ काय, समुद्रात पुन्हा पिकतं." एवढं बोलून तो भाकरी खायला बसला.

सगुणाबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. घरी येऊन तिने चुन्याची पाटी उचलली आणि भर दिवसा, सगळ्यांच्या देखत, आपल्या मळ्याच्या मधोमध सरळ रेघ ओढली.

धर्माण्णा म्हणाला, "वहिनी, वेड लागलं का तुम्हाला? अर्धा मळा जाईल."

"जाऊ दे भाऊजी. ज्यांची ओळखदेख नाही, त्यांनी माझ्या घरासाठी आपला माल पाण्यात सोडला. मी मात्र रेघ तुमच्या ज्वारीत ढकलत बसले होते. लाज वाटते मला."

धर्माण्णा बांध ओलांडून पुढे आला. मग त्याने तिच्या हातातली पाटी घेतली आणि रेघ आपल्या शेतातून पुढे नेली. पुढच्यालाही मग मागे राहवेना. पौर्णिमेच्या आत रेघ नदीला जाऊन भिडली आणि हत्तीखाना राहून गेला.

रस्ता झाला. गाड्या येता-जाता एकमेकींना जागा देऊ लागल्या. उरलेल्या मळ्यातली पानं टवटवीत बाजारात पोचू लागली.

राजाने सगुणाबाईला बोलावून विचारलं, "तोडलेल्या वेलींचं मोल काय देऊ?"

ती म्हणाली, "महाराज, मिठाच्या दादांची गाडी भरून द्या. माझ्या वेलींचं मोल मला आधीच पोचलंय. ते घरी पाळण्यात झोपलंय."

बोध एवढाच: कुणी आपल्यासाठी वाट मोकळी केली असेल, तर दुसऱ्यांच्या वाटेसाठी आपणही आपल्यातली थोडी जागा द्यावी.