डाव्याला मऊ, उजव्याला टोच

ऐका हं, पाय पोटाशी घेऊन ऐका.

एक होती बदकुली. तिचं नाव गुबी. गुबीचे पाय सपाट. अगदी भाकरीसारखे. खडीवरून चालली की दुखायचे. म्हणून आईनं तिला बूट दिले. बुटात मऊ मऊ गादी दिली. डाव्यात एक, उजव्यात एक. गुबी चालायची फतक फतक, फतक फतक.

एकदा गाद्या झाल्या ओल्या. गुबीनं त्या दगडावर वाळत टाकल्या. तिथं आली ठकी शेळी. तिनं एक गादी उचलली आणि मचामचा खाऊन टाकली!

"अगं ठके, ती माझी गादी!"

"हो का? खारट होती. छान होती," ठकी म्हणाली आणि गेली निघून.

राहिली एकच गादी. ती गेली डाव्या बुटात. उजवा बूट रिकामा. गुबी चालली फतक टोच, फतक टोच.

उजवा पाय रुसला. "त्याला मऊ मऊ, मला टोच टोच! हे बरंय!"

डावा पाय मजेत डुलला. त्याचं काय जातंय?

आणि नेमके त्याच दिवशी सगळे निघाले टेकडीवर. करवंदं खायला! आई निघाली. पाच भावंडं निघाली. गुबीला काही चढवेना.

"शिंपीदादाकडून नवी गादी घे आणि मागून ये," आई म्हणाली. "लवकर हं, करवंदं संपतील!"

गुबी जळफळली. "ते खाणार, मी बघणार! हे बरंय!"

शिंपी पक्षी बसला होता पान शिवत. गुबी गेली फतक टोच, फतक टोच.

"शिंपीदादा, शिंपीदादा,
माझा पाय टोचतोय,
तू गादी शिव ना!"

"मुळीच नाही! सावर चिमणीला कापूस देते, मला देत नाही. आधी सावर कापूस देईल, मग मी गादी शिवीन."

सावरीचं झाड उभं होतं उंच उंच. गुबी गेली फतक टोच, फतक टोच.

"सावरमावशी, सावरमावशी,
शिंपी गादी शिवेना,
माझा पाय टोचतोय,
तू कापूस दे ना!"

"मुळीच नाही! माशी जांभळीपाशी गुणगुणते, माझ्यापाशी गुणगुणत नाही. आधी माशी गुणगुणेल, मग मी कापूस देईन."

मधमाशी बसली होती गाल फुगवून. गुबी गेली फतक टोच, फतक टोच.

"माशीताई, माशीताई,
सावर कापूस देईना,
शिंपी गादी शिवेना,
माझा पाय टोचतोय,
तू गुणगुण ना!"

"मुळीच नाही! फुलपाखरू सगळ्यांशी खेळतं, माझ्याशी खेळत नाही. आधी फुलपाखरू खेळेल, मग मी गुणगुणेन."

तेवढ्यात टेकडीवरून आवाज आला, "वा! काय गोड!" झालं! गुबीच्या पोटात दुखायला लागलं.

फुलपाखरू बसलं होतं पंख मिटून. गुबी गेली फतक टोच, फतक टोच.

"फुलपाखरा, फुलपाखरा,
माशी गुणगुणेना,
सावर कापूस देईना,
शिंपी गादी शिवेना,
माझा पाय टोचतोय,
तू खेळ ना!"

"मुळीच नाही! खार चिमणीला शेपटीवर झोका देते, मला देत नाही. आधी खार झोका देईल, मग मी खेळेन."

खार बसली होती तळ्याकाठी. एकटीच. गुबी गेली फतक टोच, फतक टोच.

"खारूताई, खारूताई,
फुलपाखरू खेळेना,
माशी गुणगुणेना,
सावर कापूस देईना,
शिंपी गादी शिवेना,
माझा पाय टोचतोय,
तू झोका दे ना!"

"मुळीच नाही! तू तळ्यात पोहतेस डुबुक डुबुक, मला नेत नाहीस. आधी तू मला पाठीवर नेशील, मग मी झोका देईन."

गुबी बघतच राहिली. "माझा हेवा? माझा?"

"हो, तुझाच! तुझे पाय काय छान सपाट! माझे बघ, नुसत्या काड्या!"

गुबीनं बूट काढले. "चल, बस पाठीवर. घट्ट धर हं!"

डुबुक! गुबी पोहली. खार खिदळली. पाण्यात डाव्यालाही मऊ, उजव्यालाही मऊ.

मग काय!
खारीनं झोका दिला, झुल झुल.
फुलपाखरू खेळलं, भिर भिर.
माशी गुणगुणली, गुं गुं.
सावरीनं शेंगा फोडल्या, फट् फट्! कापूस उडाला, भुरु भुरु.

"ठेव पाय पानावर," शिंपी म्हणाला. "दुसऱ्याच्या मापाची गादी तुला काय कामाची?" मग त्यानं पान कापलं. पुढं रुंद, मागं अरुंद. मधे थोडा उंचवटा, सपाट पायाला टेकू. आत भरला कापूस. शिवलं टिप टिप, टिप टिप.

नवी गादी गेली उजव्या बुटात. आहाहा!

आता डावा पाय रुसला. "त्याला नवी, मला जुनी! हे बरंय!"

उजवा पाय मजेत डुलला. त्याचं काय जातंय?

शिंपी खो खो हसला. "मला ठाऊक होतं! गाद्या जोडीनंच बदलायच्या असतात." आणि त्यानं पंखाखालून काढली दुसरी गादी.

डाव्यात एक, उजव्यात एक. गुबी निघाली टेकडीवर. फतक फतक, फतक फतक!

वर बघते तर काय? करवंदांची जाळी रिकामी. भावंडांच्या चोची जांभळ्या. गुबीचे डोळे भरून आले.

आईनं पंख उचलला. खाली होतं एक पान. पानावर करवंदं. काळी काळी, टपोरी टपोरी.

"ही गुबीची. कुणी चोच लावायची नाही!"

पाचही भावंडं ओरडली, "तिला आहेत, आमची संपली! हे बरंय!"

गुबी हसली. तिनं प्रत्येकाला एकेक दिलं. आणि स्वतः? स्वतः मात्र दहा खाल्ली. एवढा वेळ पाय कुणाचा टोचत होता?

आणि डाव्या बुटातली ती जुनी गादी? ती राहिली शिंपीदादापाशी, एका दगडावर.

ठकीनं खाल्ली. मचामचा, मचामचा!