पोशीबायचा बंगला

सकाळचे बरोबर सात वाजले होते. बंगल्यातल्या मोठ्या घड्याळाने ठोके दिले आणि पोशीबाय कोळणीने साहेबाच्या लोखंडी कठड्यावर बोंबलांची पहिली जोडी टांगली.

ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची, विलायतेच्या राणीच्या राजवटीतली. आपल्या या समुद्रकाठच्या शहरात तेव्हा कापसाचा व्यापारी असलेला एक गोरा साहेब आला. त्याने शिंपलवाडी या कोळीवाड्यासमोरच्या उंचवट्यावर दुमजली बंगला बांधला. रंगीत काचा, लाकडी नक्षीची झालर, आणि बोटीने आणलेला तो कठडा. पण तो उंचवटा म्हणजे वाडीतल्या बायकांची बोंबील वाळवायची जागा. बाकी सगळी खाजण, भरतीच्या पाण्याने ओली. तिथे मासळी वाळत नाही, कुजते. आणि सुकी मासळी नसली तर पावसाळ्यात, दर्या बंद झाल्यावर, पोरांनी काय खायचं?

पोशीबायच्या कडेवर अंगावर पिणारं पोर होतं. तरी हात काही थांबला नाही. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी टांगायची, ती टांगतच गेली. तिच्या मागून साऱ्या बायका डोक्यावर मासळीच्या पाट्या घेऊन आल्या.

साहेब लाल होऊन धावत आला. "ये मेरा घर है!"

"घर तुजा, पन ऊन कोनाचा रं?" पोशीबाय म्हणाली. "का त्यो पन बोटीतून आनलास?"

साहेबाने नोकरांना जोड्या उतरवायला लावल्या. असं म्हणतात की, नोकर ओढून ओढून दमले, पण एकाही बोंबलाने दुसऱ्याला सोडलं नाही. असं म्हणतात की, खाली एक जोडी कापली की वरच्या मजल्यावर दोन लटकायच्या. बघता बघता कौलांपर्यंत बंगला रुपेरी झाला. दर्यावरच्या माणसांना वाटलं, किनाऱ्याला एवढं मोठं गलबत कुणी लावलं? वास मडमेच्या चहात शिरला, उशीत शिरला.

साहेबाने शिपाई बोलावला. शिपाई कोकणातला. त्याने एक लांब श्वास घेतला आणि विचारलं, "मावशी, भाकर आसा काय गे?"

साऱ्या बायका खदखदून हसल्या. मग साहेबानेच फाटक उघडलं आणि डोक्यावरची टोपी काढली. कुणी म्हणतं मान द्यायला, कुणी म्हणतं नाक झाकायला.

साहेब गेला, मालक बदलत गेले. बंगल्याचं खरं नाव आज कुणालाच आठवत नाही. पाऊस सरला की वाडीतली नवी सून पहिली जोडी त्या कठड्यावर पोशीबायच्या नावाने टांगते, आणि वाळली की ती वाडीतल्या बाळंतिणीच्या ताटात जाते. एका मालकाने "येथे काही वाळत घालू नये" अशी पाटी लावली होती. बायकांनी पाटीवरही चार जोड्या टांगल्या.

यंदा आताचा मालक कठड्याला पत्रे ठोकणार म्हणतात. ठोकू देत. पत्र्यावर ऊन जास्तच तापतं. तुम्ही एवढंच करा, माहेरी, सासरी, नळावर, बाजारात, भेटेल तिला सांगा: पाऊस सरला की बंगल्यावर यायचं, आणि डोक्यावरची पाटी रिकामी आणायची नाही.