कुलगुरूंची अडलेली सही

विद्यापीठात कुणाचं गुपित आपल्याला ठाऊक नाही, हे कुलगुरू रणदिव्यांना सहनच होत नसे. मानसशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. वैजयंती आंबेरकर दुपारी सहकाऱ्यांना समुपदेशनही करत. कुलगुरूंनी भर बैठकीत फर्मावलं, "बाई, तुमच्याकडे कोण कोण येतं, त्याची यादी आज हवी. डोकं ठिकाणावर नसलेली माणसं मला पदावर नकोत."

कुलसचिव धोंगडे मान खाली घालून समोरचे कागद चाळू लागले. दर गुरुवारी मागच्या जिन्याने, कुणी बघत नाही ना याची खात्री करून, ते बाईंकडे जात होते.

"देते की," बाई म्हणाल्या. "पण लेखी संमतीशिवाय नाव सांगायचं नाही, हा आमच्या कामाचा नियम." या मागणीची कुणकुण त्यांना आधीच लागली होती; त्यांनी पिशवीतून छापील संमतीपत्रं काढून सगळ्यांना वाटली. "माझं नाव समुपदेशनाच्या वहीत असेल तर वाचून दाखवावं, एवढंच यात लिहिलंय. जे कधी आलेच नाहीत, त्यांची तर काहीच हरकत नसेल. सर, पहिली सही तुमची."

बारा पेनं उघडली, पण एकही कागदाला टेकलं नाही. धोंगडे अवाक होऊन टेबलाभोवती बघत राहिले. त्यांना वाटलं होतं, आपण एकटेच आहोत. कुलगुरूंचं पेनही हवेतच अडकलं होतं.

"मी तुमच्याकडे येतो, असं सुचवायचंय का तुम्हाला?" कुलगुरू कडाडले.

"मी कुणाचंच नाव घेतलं नाही, सर. फक्त सही मागितली."

कुलगुरूंनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि पुढचा विषय घ्यायला सांगितलं.

त्या गुरुवारी धोंगडे पहिल्यांदाच पुढच्या जिन्याने वर गेले.